साडेसहाशे फेऱ्यांचा आधार

काशीला गेलेला मराठी माणूस दशाश्वमेध, अहल्याबाई आणि पंचगंगा हे घाट आवर्जून पाहतो. राजा घाटाकडे मात्र सहसा त्याची पावले वळत नाहीत. नारद घाट आणि खोरी घाट यांच्यामध्ये असलेल्या या घाटाच्या दगडी पायऱ्या राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी बांधविल्या. १८०३ साली इंग्रजांशी तह करून व निवृत्तिवेतन पत्करून अमृतरावांनी उत्तरेत वास्तव्य केले. एके काळी हा घाट त्यांच्याच नावाने ओळखला जात असे. घाटाच्या माथ्यावर पोहोचले की लगेच गल्ल्या सुरू होतात. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटून उभे राहावे, अशा या गल्ल्या. येथे मोटार येत नाही आणि भाड्याने जनरेटर आणावा म्हटले तर त्याची गाडीही येत नाही. त्यामुळे वीज गेली की ज्याची त्याने सोय पाहायची, हा येथला जुना रिवाज.

अशाच एका जुन्या मराठी घरात आम्हांस एक तेलइंजिन चालताना पाहावयास मिळाले. उभे सिलिंडर एकच, दोन्ही बाजूंना पुरुषभर कमरेइतकी उंच फिरती चाके, आणि आवाज असा की एकेक ठोका सावकाश मोजून घ्यावा. घरातील वयोवृद्ध गृहस्थांना विचारले, "काका, इतके जुने यंत्र अजून रोज चालते?" ते म्हणाले, "रोज कशाला? इन्व्हर्टर आहे की. पण तो तीन-चार तासांत दमतो. पुढचे हे बघते." आणि मग त्यांनी भिंतीवरील एक रेघ दाखविली. १९७८ च्या सप्टेंबरात गंगेचे पाणी तेथवर चढले होते. इंजिनाचा पाया त्या रेघेच्या हातभर वर बांधलेला होता.

बँकेच्या ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना हे यंत्र तसे परके नाही. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ग्रामीण शाखांतून जी शेतीकर्जे मोठ्या संख्येने दिली गेली, त्यांत विहीर, पंप आणि तेलइंजिन हा त्रिकूटच असे. भारनियमनाच्या काळात शाखेच्या मागील बाजूस धडधडणारा जनरेटर बंद पडला की काउंटरवरील व्यवहारही थांबत, ही आठवण आमच्या पिढीतील सहकाऱ्यांना असेलच. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेतील ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळली, तेव्हा ज्यांच्या घरी असे इंजिन होते त्यांच्याकडे शेजारी मोबाइल चार्ज करावयास आणि पाण्याची कळशी भरावयास आले असतील, यात नवल नाही.

या इंजिनाचे मूळ घराणे इंग्लंडातील. ग्लॉस्टरशायर परगण्यातील डर्स्ली या गावच्या लिस्टर कंपनीने १९२९ साली पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला ६०० फेऱ्यांचे इंजिन बाजारात आणले. पुढे तेच सहा अश्वशक्तीचे आणि ६५० फेऱ्यांचे झाले. त्याला पेटविण्यासाठी ठिणगी लागत नाही, दिवा लावून डोके तापवावे लागत नाही. थंड असतानाच हाताने फिरवून ते सुरू होते, हे त्या काळी मोठेच अप्रूप होते. आपल्याकडेही फार उशीर झाला नाही. साताऱ्याजवळ सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला होता. १९३३ साली तेथे तयार झालेले इंजिन हे भारतातील पहिले डिझेल इंजिन मानले जाते. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. नांगर आणि इंजिन घडविणाऱ्या माणसाने मंत्रिमंडळही चालवावे, हा योग महाराष्ट्राच्या इतिहासात विरळाच. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात खडकीला ऑईल इंजिनांचा स्वतंत्र उद्योग सुरू केला. लिस्टरच्या धर्तीची इंजिने मात्र पुढे सौराष्ट्रात, राजकोट परिसरातील लहान लहान कारखान्यांतून निघू लागली. मूळ इंग्रजी कारखान्याने हे इंजिन बनविणे थांबविल्यानंतरही राजकोटची भट्टी पेटतीच राहिली.

आता "संथ" म्हणजे नेमके काय, ते पाहू. बाजारात मिळणारा सामान्य डिझेल जनरेटर मिनिटाला १५०० फेरे घेतो, कारण चार ध्रुवांच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झ वीज देण्यासाठी तेवढेच फेरे लागतात आणि इंजिन त्याला थेट जोडलेले असते. लिस्टर घराण्यातील इंजिन ६५० फेऱ्यांवर चालते आणि पट्ट्याच्या साहाय्याने अल्टरनेटरला १५०० फेऱ्यांवर नेते. हजार तास काम झाले तर पहिल्याचे नऊ कोटी फेरे होतात, दुसऱ्याचे तीन कोटी नव्वद लाख. पिस्टन, रिंगा, लायनर आणि बेअरिंगे यांची झीज कमी होण्यामागे हा साधा हिशेब आहे. जोडीला प्रत्येक भाग जाड, ओतीव आणि मोकळा. पाना-हातोडी ओळखणारा फिटर ते एका दिवसात उघडून पुन्हा बसवू शकतो. त्याची किंमत वजनाच्या रूपाने मोजावी लागते. सहा अश्वशक्तीचे इंजिन चाकांसह तीनशे किलोंच्या पुढे जाते आणि त्यातून घरापुरती सुमारे तीन किलोवॉट वीज मिळते. राजा घाटाच्या गल्लीत ते नेताना चाके वेगळी, सिलिंडर वेगळे आणि चेंबर वेगळे असे खांद्यावरून न्यावे लागते.

पुलीचा हिशेब चुकला तर सारेच बिघडते. चाकाचा व्यास ६०० मिलिमीटर असेल तर अल्टरनेटरच्या पुलीचा व्यास २६० मिलिमीटर हवा. इंजिन ६५० वरून ६०० फेऱ्यांवर उतरले की वीज ५० वरून सुमारे ४६ हर्ट्झवर येते. दिवे जळत राहतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि पाण्याची मोटर तापू लागतात. तेव्हा व्होल्टमीटरबरोबर हर्ट्झ दाखविणारा मीटर बसविणे अगत्याचे आहे. आणखी एक गमतीची बाब. चार टप्प्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो. म्हणजे ६५० फेऱ्यांना ३२५, सेकंदाला पाच-साडेपाच. जुन्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशात ही लय डोळ्यांना स्पष्ट दिसे. चाके जितकी जड तितके हे लुकलुकणे कमी.

इंजिन सुरू करण्याची रीत एकदा समक्ष पाहून घ्यावी. आधी डीकॉम्प्रेशनची कळ उचलायची, म्हणजे झडप उघडी राहून सिलिंडरात दाब साठत नाही. मग हँडल मारून चाकांना चांगला वेग द्यायचा आणि कळ सोडायची. चाकांत साठलेल्या वेगावरच पहिली दाबणी पार पडते आणि इंजिन धरते. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मुठीने वेढा घालू नये. इंजिन उलटे झटकले तर मनगट जाते. हँडल शाफ्टवर अडकून फिरू लागले तर ते पकडावयास जाऊ नये, बाजूला व्हावे. चाक शाफ्टवर ज्या खिळीने ठोकलेले असते, तिचे डोके बाहेर राहते. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा खांद्यावरचा गमछा त्यात गुंतला तर सुटका नाही. पट्ट्याला आणि चाकांना लोखंडी जाळीचे कुंपण केल्याशिवाय घरात इंजिन चालवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लेकरे असलेल्या घरात तर त्या खोलीला कुलूपही हवे.

निगेचा विचार करताना बहुतेक मंडळी डिझेलची काळजी करतात आणि ऑईलची विसरतात. या इंजिनाच्या मूळ रचनेत ऑईल गाळणारा फिल्टर नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पळी चेंबरमधील ऑईल उडविते आणि त्या शिंतोड्यांवरच बेअरिंगांचे पोषण होते. साहजिकच ऑईलची पातळी उतरली की पळी कोरडी फिरते. दर वेळी सुरू करण्यापूर्वी पातळी पाहावी आणि शंभर तासांच्या आसपास ऑईल बदलून चेंबरचा तळ पुसून घ्यावा. नवे इंजिन घेतले असेल तर पहिला बदल पंचवीस तासांतच करावा. स्वस्तातल्या ओतीव कामात साच्याची वाळू चेंबरच्या कोपऱ्यांत चिकटून राहिलेली असते; ती ऑईलमध्ये उतरली तर काही महिन्यांतच बेअरिंगे खाते. म्हणून नवे इंजिन सुद्धा चालविण्याआधी उघडून, घासून, धुऊन घेणारा फिटर हाच खरा जाणकार समजावा. विक्रेता "थेट चालू करा" म्हणाला तरी ऐकू नये.

डिझेलच्या बाबतीत मुख्य शत्रू पाणी आणि गाळ. डबा चोवीस तास स्थिर ठेवून वरचे डिझेल घ्यावे, तळचे बोटभर सोडून द्यावे. टाकी कोरडी पडू दिली तर नळीत हवा शिरते आणि मग पंपापासून नोझलपर्यंत स्क्रू सैल करून ती बाहेर काढावी लागते. नोझल चांगला असेल तर फवारा धुक्यासारखा पडतो; थेंब गळू लागले की धूर काळा होतो आणि इंजिन ठोकू लागते.

थंडाव्यासाठी शेजारी दोनशे लिटरचे पिंप पुरते. तापलेले पाणी आपोआप वर चढते, गार पाणी खाली येते. वेगळा पंप लागत नाही. पण पिंप फार मोठे ठेवून इंजिन गारच ठेवण्यात शहाणपण नाही. थंड इंजिनात डिझेल पुरते जळत नाही, त्याची काजळी नोझलवर आणि नळकांड्यात साचते, लायनर झिजतो. याच कारणाने केवळ दोन दिवे आणि एक पंखा लावून इंजिन तासन् तास चालविणेही वाईट. निम्म्याच्या आसपास भार असावा. पाणी चढविणे, फ्रीज आणि इन्व्हर्टरची बॅटरी भरणे ही कामे त्याच वेळी उरकावीत. उरलेला वेळ बॅटरीवर काढावा. काशीतल्या त्या घरी नेमके हेच चालले होते.

खर्चाबद्दल भ्रम नसावा. अशा लहान इंजिनाला एका युनिट विजेसाठी साधारण ४०० ते ६०० मिलिलिटर डिझेल लागते. डिझेल लिटरला ९० रुपये धरले तर युनिट ३६ ते ५४ रुपयांना पडते. ऑईल, पट्टा आणि फिटर निराळे. गच्चीवर ऊन पडत असेल तर आजच्या घडीला सौर पॅनेल आणि बॅटरी हाच स्वस्त व शांत मार्ग आहे, आणि नव्या घरासाठी आम्ही तोच सुचवू. शिवाय नव्या डिझेल जनरेटरांना १ जुलै २०२३ पासून प्रदूषणाचे अधिक कडक निकष लागू झाले आहेत. उघड्या धुराड्याचे नवे संथ इंजिन जनरेटर म्हणून विकत घेण्याचा काळ सरला आहे. खुद्द गंगेवरही हा बदल दिसतो. डिझेलवर चालणाऱ्या नौकांना सीएनजी इंजिने बसविण्याचे काम सुरू झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये खिडकिया घाटावर तरंगते सीएनजी केंद्रही उघडले. प्रश्न आहे तो आधीपासून घरात असलेल्या आणि अजून चालणाऱ्या यंत्रांचा.

त्यांच्या बाबतीत जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी तीन. पहिली धुराची. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली जाहीर केले. बंद खोलीत साचणारा कार्बन मोनॉक्साइड त्याहून तातडीचा, कारण त्याला वास नाही. धुराडे छपराच्या वर गेले पाहिजे आणि शेजाऱ्याच्या खिडकीपासूनही दूर. गल्लीत हे कठीण आहे. जमत नसेल तर इंजिन चालवू नये. दुसरी वीजजोडणीची. इंजिन आणि ग्रिड यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसेल तर घरची वीज उलटी रोहित्रात शिरते आणि पलीकडे ११,००० व्होल्ट होऊन निघते. वीज बंद आहे या विश्वासाने खांबावर चढलेला लाइनमन त्यात सापडतो. प्लगला प्लग जोडून काम भागविणाऱ्यांनी त्या माणसाच्या घरच्यांचा विचार करावा.

तिसरी पुराची. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे आणि १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. नदीकाठचे इंजिन तळघरात बसविणे म्हणजे ज्या दिवशी ते हवे त्याच दिवशी ते गमावणे होय. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांना हे २०१९ नंतर वेगळे सांगावयास नको. बुडालेले इंजिन पाणी ओसरल्यावर लगेच फिरविण्याचा मोह आवरावा. सिलिंडरात पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि रॉड वाकतो. आधी नोझल काढून चाक हाताने सावकाश फिरवावे, पाणी बाहेर येऊ द्यावे, चेंबरमधील गढूळ ऑईल काढून टाकावे, डिझेलने धुवावे आणि दोनदा नवे ऑईल घालून बदलावे. अल्टरनेटर मात्र गुंडाळी सुकवून व इन्सुलेशन तपासून घेतल्याविना जोडू नये.

काकांकडे या सर्वांची एक वही होती, लाल कापडी बांधणीची, थेट आपल्या जुन्या खातेवहीसारखी. तारीख, किती तास चालले, किती डिझेल गेले, ऑईल कधी बदलले, पट्टा कोणत्या महिन्यात घातला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वीज असो वा नसो, इंजिन अर्धा तास भारावर चालवून पाहिल्याची नोंद एकही खंड न पडता केलेली होती.