कातकामातील अग्निरेखा

लाकूड कातणाऱ्या कारागिराला धुराचा वास आला की तो हातचे काम थांबवतो. हत्याराची धार गेली असून ते लाकूड कापण्याऐवजी घासत आहे, असाच बहुधा त्या वासाचा अर्थ असतो. कातलेल्या वस्तूवर उमटलेला करपल्याचा डाग हे निष्काळजीपणाचे लक्षण समजले जाते. परंतु हाच डाग हवा तेथे, हव्या तेवढ्या रुंदीचा आणि खोलीचा पाडता आला, तर त्याचा अलंकार होतो. लाकूड जाळून ते सजविण्याचे सारे तंत्र या एका गोष्टीवर अवलंबून आहे. उष्णता निर्माण करणे सोपे असते. ती वेळीच थांबविणे हे कारागिराचे खरे काम होय.

घर्षणापासून उत्पन्न होणारी उष्णता भारतीय कातारींना नवी नाही. कर्नाटकातील चन्नपट्टण, आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका, गुजरातेतील संखेडा आणि महाराष्ट्रातील सावंतवाडी ही गावे लाखेच्या कामासाठी प्रसिद्ध आहेत. चन्नपट्टण येथे रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याचे पान दाबून तिला सारखेपणा व चकाकी आणतात. लाख शंभर अंश सेल्सियसच्या आतच मऊ होत असल्याने या कामाला माफक उष्णता पुरते. लाकूड काळे पाडावयाचे तर याच घर्षणाची मात्रा पुष्कळ वाढवावी लागते. छत्तीसगडमधील बस्तरचे कारागीर तापलेल्या लोखंडाने बांबूच्या बासऱ्यांवर आणि भोपळ्याच्या तुंब्यांवर नक्षी उमटवितात. तेथे उष्णता भट्टीतून आणलेली असते, एवढाच फरक.

लाकूड तापले म्हणजे नेमके काय घडते, हे पाहणे उद्बोधक आहे. प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन निघून जाते. सुमारे २०० अंशांच्या पुढे लाकडाचे घटक विघटित होऊ लागतात आणि त्याचा रंग पिवळसर, मग तपकिरी होत जातो. सुमारे ३०० अंशांच्या आसपास हे विघटन वेगाने होऊ लागते. त्यातून निघणारे वायू पेट घेतात. ज्वाला म्हणून जी दिसते ती मुख्यतः या वायूंचीच असते. मागे राहतो तो कोळसा. कोळसा हा उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे त्याचा थर खालच्या लाकडाचे काही काळ रक्षण करतो. म्हणूनच मोठ्या आगीतही जाड तुळई मिनिटाला सुमारे अर्धा ते पाऊण मिलिमीटर एवढ्याच गतीने आत जळत जाते. जळलेला थर पातळ राखणे कारागिराला शक्य होते ते या गुणामुळेच.

या तंत्राचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे तारेने पाडलेली काळी रेघ. लेथवर फिरणाऱ्या लाकडावर तिरप्या धारेच्या पटाशीच्या टोकाने आधी एक बारीक खाच पाडतात. ही खाच नसेल तर तार घसरते आणि रेघ वाकडी होते. मग पोलादी तार खाचेत बसवून ताणून धरतात. काही क्षणांत धूर निघू लागतो आणि खाच काळी पडते. तार तत्काळ काढून घेतली नाही, तर करपलेपणा खाचेच्या दोन्ही बाजूंना पसरतो व रेघेचा रेखीवपणा नाहीसा होतो. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी बसविणे अत्यावश्यक आहे. तार बोटांभोवती गुंडाळली आणि ती फिरत्या लाकडात अडकली, तर बोट गमावण्याचा प्रसंग येतो. फिकट रंगाच्या, कठीण व घट्ट पोताच्या लाकडावर अशी रेघ विशेष खुलते.

दुसऱ्या प्रकारात वस्तूचा संपूर्ण पृष्ठभाग ब्लोलॅम्पच्या ज्वालेने जाळतात. वसंतात झपाट्याने वाढलेले लाकूड मऊ व विरळ असते. त्यानंतर मंद गतीने वाढलेले लाकूड दाट असते. वार्षिक वलयांतील हा भेद अग्नी उघड करतो. मऊ भाग लवकर जळतो, दाट भाग टिकून राहतो. नंतर तारेच्या ब्रशने कोळसा झाडून काढला की दाट वलये उंचावलेली दिसतात आणि लाकडाची घडण डोळ्यांप्रमाणे बोटांनाही कळते. शेवटी जवसाचे तेल किंवा मेण लावून पृष्ठभाग पक्का करतात. एरवी त्याची काजळी हाताला लागत राहते. जपानमध्ये किरी नावाच्या हलक्या लाकडाच्या वस्तू याच रीतीने जाळून व घासून सजवितात. तेथील सुगी लाकडाच्या जाळलेल्या फळ्या घरांच्या भिंतींवर बसविण्याची रीतही जुनी आहे. तीन फळ्या उभ्या बांधून त्यांचे धुराडे करावयाचे आणि खालून जाळ लावून त्यांच्या आतल्या बाजू जाळावयाच्या, ही तिची पारंपरिक पद्धत होय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील जिम पार्ट्रिज यांच्यासारख्या कलावंतांनी कातलेली भांडी जाळून काळी केली आणि या तंत्राला कलादालनात स्थान मिळाले. मात्र भांड्याच्या बाबतीत धोका अधिक असतो. जळताना लाकूड आकसते, आणि पातळ काठ एका बाजूने जास्त तापला तर तो तडकतो. म्हणून ज्वाला एका जागी न ठेवता फिरती ठेवतात. आग विझल्यासारखी दिसली तरी लाकडाच्या भेगांत विस्तव दडून राहू शकतो. लाकडाचा भुसा व ढलप्या पडलेल्या जागी हे काम कधीच करू नये. ते उघड्यावर, जवळ पाणी ठेवून करावे आणि वस्तू पूर्ण निवाल्याची खात्री करून घ्यावी.

याच कुतूहलातून अलीकडे एक प्राणघातक प्रकार पसरला. लाकडावर क्षारयुक्त पाणी लावून त्यातून उच्च दाबाची वीज सोडली असता नदीच्या फाट्यांसारख्या काळ्या रेषा उमटतात. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग लिख्टेनबर्ग यांनी १७७७ मध्ये विजेच्या विसर्गाने उमटणाऱ्या अशा शाखायुक्त आकृतींचा शोध लावला होता. आज हौशी मंडळी जुन्या मायक्रोवेव्ह भट्टीतील ट्रान्सफॉर्मर काढून हा प्रयोग करतात. त्याचा दाब सुमारे २,००० व्होल्ट असतो, आणि चुकीचा एक स्पर्शही प्राण घेण्यास पुरेसा ठरतो. अमेरिकेत या प्रयोगापायी तीसहून अधिक माणसे दगावली आहेत. तेथील कातकाम करणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या कार्यक्रमांत त्याच्या प्रात्यक्षिकाला बंदी घातली आहे.

या प्रकारांमधील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. तारेच्या रेघेत धूर दिसतो, ज्वालेत रंग पालटतो. कारागिराला सूचना मिळते आणि हात मागे घेण्यास अवसर राहतो. वीज अशी सूचना देत नाही. लाकडावरील काळी रेघ सुंदर दिसते, ती तिच्या दोन्ही बाजूंना न जळलेले लाकूड शिल्लक असते म्हणून. ते शिल्लक ठेवण्यासाठी, आणि स्वतःचे हात शाबूत राखण्यासाठीही, थांबण्याची घडी कारागिराच्या ताब्यात असावी लागते.