लेण्याद्रीच्या मुलखात काडतुसांच्या पेटीतला जिओकॅश

जिओकॅशिंग हा उपग्रहांच्या मदतीने खेळायचा शोधाशोधीचा खेळ आहे. एकजण डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देतो. बाकीचे फोन किंवा जीपीएस यंत्र घेऊन तो शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तिथेच ठेवतात. अमेरिकेने २ मे २००० रोजी नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत भरकटणारी जागा दहा-वीस मीटरांच्या आत सापडू लागली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ पहिला डबा ठेवला. तो अर्धवट पुरलेली एक बादली होती आणि आत इतर वस्तूंबरोबर खाण्याचा एक डबाही होता. परवानगीशिवाय जमीन उकरून पुरणे आणि खाद्यपदार्थ ठेवणे या दोन्हींना आता मनाई असल्याने खेळातली ही पहिली बादली आजच्या नियमांत बसली नसती.

डबा कसला हवा, या प्रश्नावर जुन्या खेळाडूंचे उत्तर ठरलेले असते: लष्कराने वापरून काढून टाकलेली काडतुसांची पत्र्याची पेटी. अमेरिकी सैन्याची एम-टू-ए-वन ही त्यातली सर्वांत ओळखीची. अर्ध्या इंची काडतुसांची शंभराची माळ मावेल एवढी, म्हणजे साधारण २८ सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि १८ उंच. झाकणाच्या आत रबराची कड असते आणि बाजूची खिटी दाबली की झाकण त्या कडेवर घट्ट आवळले जाते. दारू कोरडी राहावी म्हणून केलेली ही व्यवस्था वहीलाही तितकीच उपयोगी पडते. लेण्याद्री ज्या पुणे जिल्ह्यात आहे त्याला असा माल नवा नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आहे, आणि दारूगोळा भरण्याच्या पेट्या भुसावळच्या आयुध निर्माणीत तयार होतात.

जुन्नर तालुक्यात पेटीची खरी परीक्षा घेते ते हवामान. पावसाळ्यात डोंगरांवर दिवसचे दिवस धुके असते. साध्या प्लॅस्टिकच्या डब्यात वहीचा लगदा होतो. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला वणवा लागला तर तोच डबा वितळतो. पत्र्याची पेटी दोन्हींत टिकते, वणव्यात मात्र आतल्या प्लॅस्टिकच्या वस्तूंची खात्री नाही. लेण्याद्रीला माकडांचा वावर मोठा, पण बंद खिटी उघडणे त्यांना अवघड जाते. आत खाऊचा वास नसला म्हणजे झाले. जुनी पेटी घेताना रबर चिरलेले नाही ना, हे पाहावे. आत कोरा कागद ठेवून, झाकण लावून पेटी तासभर पाण्यात दाबून धरली की कळते. रबराला सिलिकॉनचे ग्रीस लावले तर ते कडक होत नाही. आत वही, शिसपेन्सिल (पेन दमट हवेत दगा देते), ओल शोषणाऱ्या पुड्या आणि अदलाबदलीच्या छोट्या वस्तू ठेवतात. जो एक वस्तू घेईल त्याने तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी, असा शिरस्ता आहे.

हिरव्या रंगाची, दारूगोळ्याच्या आकड्यांची ही पेटी खेळाडूला खजिना वाटते, पण गुराख्याला किंवा पोलिसाला ती बॉम्बच वाटेल. २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदरबी गावात एका कॅफेबाहेरचा साधा प्लॅस्टिकचा डबा लष्कराच्या पथकाने स्फोट करून उडवला होता. तो जिओकॅश होता. फेब्रुवारी २०१० मध्ये पुण्याच्या जर्मन बेकरीतला स्फोट अनुभवलेल्या पुणे जिल्ह्यात बेवारस पेटीकडे कोणी सहज पाहणार नाही, आणि पाहूही नये. म्हणून आधी सगळी लष्करी अक्षरे तारेच्या ब्रशने खरवडून काढावीत, पेटीला वेगळा रंग द्यावा आणि झाकणावर ठळक मराठीत ‘हा खेळाचा डबा आहे, धोकादायक नाही’ असे लिहून लपवणाऱ्याचे नाव व फोन द्यावा. मात्र पाटी वाचायलाही माणसाला पेटीजवळ जावे लागते. त्यामुळे लेण्याद्रीच्या पायथ्याच्या गोळेगावची ग्रामपंचायत आणि जुन्नर पोलीस ठाणे यांना आधी कळवणे हाच खरा उपाय.

जागेचा प्रश्न याहून नाजूक आहे. लेण्याद्रीच्या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी कोरलेली आहेत आणि सातव्या लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान आहे. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे कोनाड्यात, टाक्यात किंवा पायऱ्यांच्या दगडांत पेटी खुपसणे गैरच, शिवाय शोधणारा उत्साहाच्या भरात दगड हलवतो ते वेगळेच. डोंगरउतारावर वनखात्याची हद्द असेल तर त्यांची परवानगी लागते. शिवाय जुन्नरच्या कड्यांना आग्या मोहोळांची पोळी असतात, दगडांच्या सांदीत फुरसे असते आणि अंधार पडल्यावर उसाच्या कडेने बिबट्या फिरतो. हात घालून चाचपावे लागेल अशी सांदी आणि रात्रीचा शोध, दोन्ही इथे टाळलेले बरे.

यावर मार्ग आहे, आणि तो खेळाच्या नियमांतच आहे. अनेक टप्प्यांच्या प्रकारात पहिल्या ठिकाणी काही लपवलेच पाहिजे असे नसते. तिथे दिसणाऱ्या गोष्टीवरून पुढचा आकडा काढायला सांगता येते. सातव्या लेण्यात बिनखांबी सभामंडपाभोवती वीस खोल्या आहेत. ती मोजदाद शेवटच्या जागेच्या आकड्यात घालता येते आणि पेटी मात्र पायथ्याकडच्या एखाद्या शेताच्या बांधावर, शेतकऱ्याच्या लेखी संमतीने, जमीन न उकरता ठेवता येते. मोकळ्या शेताचा दुसरा फायदा मोजणीत मिळतो. लेण्याद्री १९ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. खेळात मिनिटाचे तीन दशांश स्थळांपर्यंत भाग घेतात आणि उत्तर-दक्षिण दिशेत एक हजारांश मिनिट म्हणजे १.८५ मीटर. कड्याखाली उभे राहिले की अर्धे आकाश झाकले जाते, उपग्रहांचे संदेश खडकावरून परावर्तित होऊन येतात आणि जागा बरीच सरकते. शेतात ती चार-पाच मीटरांत सापडते. दुसरा कोणाचा जिओकॅश १६१ मीटरांच्या आत असेल तर नवीन मंजूर होत नाही.

बिनपेटीचाही एक प्रकार आहे, अर्थकॅश. त्यात भूशास्त्रीय ठिकाण पाहून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. याच तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या वयावर संशोधकांचे अजून एकमत नाही. तिथे लपवण्यासारखे काही नाही, पाहण्यासारखे मात्र भरपूर आहे.

पेटी ठेवून काम संपत नाही. पावसाळ्यानंतर एकदा आणि वणव्याच्या दिवसांनंतर एकदा ती उघडून वही, रबर आणि पाटी तपासावी लागते. जमीनमालकाने नको म्हटल्यास त्याच दिवशी उचलावी लागते. ज्याला वर्षातून दोनदा गोळेगावला जाणे जमणार नाही त्याने पेटी ठेवू नये.