आधी माती, मग पाटी

जून महिना आला की आमच्या बालवाडीत एक प्रश्न हमखास येतो. "बाई, घरीही मातीत खेळतो आणि इथंही मातीतच! लिहायला कधी शिकवणार?" विचारणाऱ्या आईचं काही चुकत नाही. शेजारच्या मुलाची वही ए टू झेडनं भरलेली असते आणि आपल्या लेकाच्या दप्तरातून निघतो भेंडीच्या ठशांचा कागद. जीव खालीवर होणारच!

अशा वेळी मी म्हणते, "जरा त्याचा हात हातात घेऊन बघा." तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात. पेन्सिल धरायची तर अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांचं आपसात जमायला हवं. ते जमतं कणकेमुळे, मातीमुळे, कागदामुळे. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला. आधी कणीक मळायची, मग कागद फाडायचे, मग चिकटवायचे. कात्री सर्वांत शेवटी.

यात नवीन काही नाही बरं का! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले, माती हेच वापरलं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळ आणि कृतीवरच भर आहे.

घरीही हे सहज जमतं. भेंडीचा देठाकडचा तुकडा हळदीच्या पाण्यात किंवा बिटाच्या रसात बुडवला की फुलाचा ठसा तयार. चिकटवायला मैद्याची खळ घरीच शिजवा, पण टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालू नका. मुलांची बोटं तोंडात जातात आणि मोरचूद विषारी असतं. गुंजाही नकोत, त्याही विषारीच. मणी, वाटाणे नाकात जातात, तेव्हा ते दिलेत तर समोर बसून राहा.

आणि एक विनंती. मुलाचं काम 'नीट' करू नका.

गेल्या वर्षी प्रदर्शनासाठी आमच्या एका चिमुरडीनं मातीची कोंबडी केली. पाय पाच! आजी न्यायला आल्या होत्या. त्यांनी मायेनं तीन पाय काढले, सुबक चोच बसवली. पोरगी बघत राहिली. "ही माझी नाही," म्हणाली. दोन दिवस मातीला हात लावला नाही तिनं. तिसऱ्या दिवशी मी तिच्यापुढे गोळा ठेवला आणि बाजूला झाले. पुन्हा कोंबडी, पुन्हा पाच पाय. मी विचारलं, "एवढे पाय कशाला गं?" तर म्हणते, "पळतेय ना ती!"

प्रदर्शनात तीच कोंबडी मांडली. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "पळतेय हो ती!"

तेव्हा मैत्रिणींनो, आज लेकरू वेडंवाकडं काही घेऊन आलं तर "हे काय केलंस?" असं कपाळाला आठ्या घालून विचारू नका. मांडीवर घ्या आणि म्हणा, "सांग की, काय केलंस!"