न उचललेलं निशाण

घनसाळ भात आणि मुसळधार पाऊस ही आजऱ्याची ओळख. फुटबॉलसाठी आमच्या गावाचं नाव कुणी घेणार नाही. पण भोवताल सगळा या खेळानं भारलेला. तासाभराच्या आत गडहिंग्लज, तिथं दिवाळीच्या सुट्टीत एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर स्पर्धा भरतात. आंबोलीचा घाट उतरून पुढं गेलं की गोवा. आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमबद्दल या अंकाच्या वाचकाला मी काय सांगावं? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस यातलं आपलं नाव प्रत्येकानं जन्मतःच घेतलेलं असतं.

मला मात्र वर्षानुवर्षं वेड आहे ते शिट्टीवाल्याचं. सामना संपला की लोक गोल मोजतात, मी वादग्रस्त निर्णय जमवतो. 1966 च्या वेम्बलीवरचा हर्स्टचा तो गोल, ज्यात चेंडू रेषेपार गेला की नाही यावर अजून भांडणं होतात. 1964 चा लिमा, जिथं उरुग्वेचे पंच आंखेल एदुआर्दो पाझोस यांनी पेरूचा गोल नाकारला आणि त्यानंतरच्या दंगलीत, अश्रुधुरात, बंद दरवाज्यांपाशी 328 माणसं मेली. 2005 मध्ये चेल्सी-बार्सिलोना सामन्यानंतर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या म्हणून शिट्टी कायमची खाली ठेवणारे स्वीडनचे आंदेर्स फ्रिस्क. डिसेंबर 2023 मध्ये तुर्कस्तानात हालिल उमुत मेलेर या पंचाला एका क्लबच्या अध्यक्षानंच मैदानात उतरून ठोसा मारला आणि सगळी लीग थांबवावी लागली, ते प्रकरण तर ताजंच आहे.

ही यादी वाचून कोल्हापूरकर म्हणेल, ‘यात काय नवीन?’ खरं आहे. हुल्लडबाजीमुळं थांबलेले सामने, मैदानात भिरकावलेल्या बाटल्या, पोलीस बंदोबस्तात बाहेर काढलेले पंच हे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांचे नेहमीचे मथळे. पण आपल्या मैदानाची एक खासियत अभ्यासकांच्या हाती लागलेली नाही असं मला वाटतं.

2002 मध्ये इंग्लंडात नेविल, बामर आणि विल्यम्स या तिघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस पात्रताधारक पंचांना त्यांनी लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातल्या 47 झटापटी पडद्यावर दाखवल्या. निम्म्यांना प्रेक्षकांच्या आवाजासकट, निम्म्यांना आवाज बंद करून. ज्यांच्या कानावर आरडाओरडा पडत होता त्यांनी यजमान संघाविरुद्ध साडेपंधरा टक्के कमी फाऊल दिले. लाच नाही, धमकी नाही, नुसता आवाज. अनुभव जास्त म्हणून आवाजाचा परिणाम टळतो असंही नाही. पंच पक्षपाती असतो म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा: पक्षपात त्याच्या कानातून आत शिरतो, आणि तो आवाज आपलाच असतो.

आता शाहू स्टेडियम डोळ्यांसमोर आणा. इथं यजमान कोण? पेठेची पेठेशी गाठ, दोघांचंही मैदान तेच, दोघांचाही आवाज तेवढाच. पाहुणा संघ नाहीच. एकटा पडतो तो पंच. त्यातून तोही बहुधा याच गावचा, कधीकाळी कुठल्या तरी तालमीकडून खेळलेला. मग ईर्ष्येच्या सामन्यात त्यानं पेनल्टी दिली, की ती का दिली हे कुणी विचारत नाही. तो कुठल्या पेठेचा, हे विचारतात. परदेशी पंच विमानानं निघून जातो. आपल्या पंचाला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चौकात दूध आणायला जायचं असतं.

बेंगळूरुच्या 3 मार्च 2023 च्या सामन्याबद्दल मी लांबण लावणार नाही, सगळ्यांनी तो पाहिला आहे. इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना, जादा वेळ, 96 वं मिनिट. केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहते न राहते तोच सुनील छेत्रीनं फ्री किक मारून गोल केला आणि पंच क्रिस्टल जॉन यांनी तो मान्य केला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर नेला. क्लबला चार कोटींचा दंड, प्रशिक्षकाला दहा सामन्यांची बंदी. नियम सोपा आहे: फ्री किक झटपट घेता येते, त्यासाठी शिट्टीची गरज नाही. पण पंच एकदा भिंत मागं सरकवायला मध्ये पडला, की पुढची किक त्याच्या शिट्टीनंच. जॉन मध्ये पडले होते का, एवढाच वाद होता. माझं मत विचाराल तर त्यांनी किक पुन्हा घ्यायला लावली असती तर बरं झालं असतं. पण संघ मैदानाबाहेर नेणं हा त्यावरचा उपाय नव्हे, आणि दंड योग्यच होता. मला खटकलं ते वेगळंच. पुढचे कित्येक दिवस छेत्री बोलला, वुकोमानोविच बोलले, दोन्ही संघांचे समर्थक बोलले, शिस्तपालन समितीचा निकाल बोलला. ज्यानं निर्णय दिला त्यानं माध्यमांशी बोलायचं नाही, असा या धंद्याचा रिवाज.

या रिवाजाची किंमत कुणी मोजली ते पाहायचं तर 1986 च्या मेक्सिकोत जायला हवं. मॅराडोनाचा ‘देवाचा हात’ सगळ्यांना पाठ आहे. 22 जून, अॅझ्टेका स्टेडियम, 51 वं मिनिट, आपल्याकडं रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. गोलकीपर शिल्टनपेक्षा कितीतरी बुटका मॅराडोना उडी मारतो आणि डाव्या मुठीनं चेंडू जाळ्यात ढकलतो. या गोष्टीत सगळे जण मॅराडोनाकडं बघतात. मी बघतो तो निशाण हातात धरून कडेला उभ्या असलेल्या माणसाकडं.

बोगदान डोचेव्ह, बल्गेरियाचा. त्या दिवशी लाईनमन होता, पण मुळात तो आंतरराष्ट्रीय पंच. 1982 च्या विश्वचषकात इटली-कॅमेरून सामना त्यानं चालवला होता, आणि ती इटली पुढं जगज्जेती झाली. मेक्सिकोतच, 11 जूनला, पॅराग्वे-बेल्जियम सामन्यात त्यानं पॅराग्वेचे प्रशिक्षक कायेतानो रे यांना हाकलून दिलं. विश्वचषकात प्रशिक्षकाला बाहेर काढल्याचा तो पहिला प्रसंग. म्हणजे गडी भित्रा नव्हता. अकराच दिवसांपूर्वी त्यानं एका देशाच्या प्रशिक्षकाला वाट दाखवली होती.

मुख्य पंच होते ट्युनिशियाचे अली बेन्नासर. आणि इथून सुरू होतं ते भांडण, जे त्या गोलापेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं. बेन्नासर यांचं म्हणणं असं: शिल्टन आणि मॅराडोना एकमेकांवर आलेले, मला हात दिसला नाही, शंका होती म्हणून मी डोचेव्हकडं पाहिलं. सहकारी जास्त चांगल्या जागी असेल तर त्याचं ऐका, अशी फिफाची सूचना होती. डोचेव्ह मध्यरेषेकडं धावत निघाला, म्हणजे गोल. डोचेव्हचं म्हणणं उलट: काहीतरी गडबड मला जाणवली होती, पण तेव्हा लाईनमननं आपणहून पंचाशी चर्चा करायची मुभा नव्हती, निर्णय पंचाचा, त्यानं गोल दिला, आणि एवढ्या मोठ्या सामन्याला फिफानं युरोपचा पंच नेमला असता तर ही वेळ आली नसती. हे शेवटचं वाक्य मला आवडत नाही. आपल्या चुकीचं ओझं दुसऱ्याच्या खंडावर टाकायचा प्रकार आहे तो. पण बाकीचं मी खरं मानतो, दोघांचंही. एक जण निशाणाची वाट बघत होता, दुसरा शिट्टीची. दोघांमध्ये काही पावलांचं अंतर होतं आणि ते ओलांडून एक वाक्य बोलायची सोय नव्हती.

पुढं दोघांच्या वाटा पार फाकल्या. त्याच सामन्यात चार मिनिटांनी मॅराडोनानं अर्ध्या इंग्लंडला चकवत जो दुसरा गोल केला, तिथं इंग्लंडचे खेळाडू त्याला पाडायला बघत असताना बेन्नासर यांनी शिट्टी आवरली, खेळ चालू ठेवला. त्या गोलात माझाही वाटा आहे असं ते अभिमानानं सांगत राहिले, आणि मला ते पटतं. 2015 मध्ये मॅराडोना स्वतः ट्युनिशियात त्यांच्या घरी गेला, सही केलेली जर्सी देऊन आला. सामन्याचा चेंडू बेन्नासर यांनी जपून ठेवला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये तो लंडनमध्ये लिलावात वीस लाख पौंडांना गेला.

डोचेव्हच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. बल्गेरियात त्याची ओळख एवढीच उरली: ज्याला हात दिसला नाही तो. लोकांनी पाठ फिरवली, तोही माणसांतून उठला. या एका माणसानं आपलं आयुष्य उद्ध्वस्त केलं, असं तो मॅराडोनाबद्दल शेवटपर्यंत सांगत राहिला. 2017 मध्ये, वयाच्या 80 व्या वर्षी तो गेला. हात ज्यानं वापरला त्याची देवळं झाली, शिट्टी ज्यानं वाजवली त्याला चेंडूचे पैसे मिळाले. निशाण ज्यानं उचललं नाही त्याला तीस वर्षं तोंड लपवावं लागलं. न्याय वगैरे शब्द इथं वापरायला माझी जीभ रेटत नाही.

आता पंचांच्या कानात यंत्रं आली आहेत, ते आपसात बोलतात. व्हिडिओ पाहून निर्णय बदलतात. 2023 च्या महिला विश्वचषकात तर व्हिडिओ पाहिल्यावर पंच ध्वनिक्षेपकावरून निर्णय आणि त्याचं कारण सगळ्या मैदानाला सांगू लागल्या. यंत्रानं चुका संपत नाहीत. 11 जून 2024 रोजी दोह्यात कतारनं भारताविरुद्ध बरोबरीचा गोल केला तेव्हा चेंडू आधीच रेषेबाहेर गेला होता, तिथं व्हिडिओची सोय नव्हती, आणि विश्वचषक पात्रतेतली आपली वाटचाल त्या 2-1 नं तिथंच थांबली. पण पंचाला कारण सांगू देणं ही गोष्ट यंत्राची नाही. तिला पैसाही लागत नाही.

म्हणून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला आणि गडहिंग्लजच्या आयोजकांना माझी एक विनंती आहे. येत्या हंगामात कुठल्याही वादग्रस्त पेनल्टीनंतर किंवा लाल कार्डानंतर, त्या पंचाचं म्हणणं दुसऱ्या दिवशी दोन ओळींत प्रसिद्ध करा: मी काय पाहिलं, कुठून पाहिलं, कुठला नियम लावला. चूक झाली असेल तर तेही त्यालाच सांगू द्या. वर्तमानपत्रांनी सामन्याच्या वृत्तान्ताखाली त्या दोन ओळींना जागा द्यावी.