औट्रम घाट आणि जुनी सेडान

चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना जुन्या सेडानचा कस लागतो, त्यात मे महिना असेल तर विचारूच नका. तापमानाचा काटा वर सरकला की एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका; दाबाखालचं उकळतं पाणी अंगावर उडतं. कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी ओतत राहिलं, तर क्षार साचून रेडिएटर तुंबतो. रबरी पाइप बोटांनी दाबून बघा. कडक झाले, तडकले की बदला. नुसत्या वयामुळे घरची गाडी भंगारात काढणं मला पटत नाही. 15 वर्षांनी योग्यता तपासणी होऊन नोंदणी 5 वर्षांसाठी वाढते. हरित कर मात्र भरावा लागतो.