पॉवर प्लांटमध्ये इंटर्नशिपला गेलेल्या पोरांना महिनाभर कशालाच हात का लावू देत नाहीत?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की कॉलेजच्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो. इंटर्नशिप कुठे मिळाली?

कुणी एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपला चिकटतं, कुणी घरबसल्या ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेट मिळवतं. पण ज्याचा नंबर मोठ्या वीज कंपनीच्या प्लांटमध्ये लागतो, तो मात्र भाव खाऊन जातो. घरचेही चार ठिकाणी सांगतात, आमचं पोरगं पॉवर प्लांटमध्ये आहे म्हणून.

महिन्याभराने त्यालाच विचारा, काय शिकलास? बऱ्याचदा उत्तर येतं, "काही नाही रे, नुसतं फिरवलं. कशालाच हात लावू दिला नाही."

रूमचं भाडं गेलं, मेसचे पैसे गेले, उन्हाळ्याची सुट्टी गेली. मग हा महिना फुकट गेला का?

त्यासाठी आधी आत काय चालतं ते बघायला लागेल.

समजा, मेकॅनिकलची एक विद्यार्थिनी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी गेली आहे. २,९२० मेगावॅट क्षमतेचं हे महानिर्मितीचं सगळ्यात मोठं केंद्र. तिथे ५०० मेगावॅटचे पाच आणि २१० मेगावॅटचे दोन संच आहेत.

अशा प्लांटमध्ये पहिला दिवस मशीन बघण्यात जातच नाही. गेट पास, हेल्मेट, सेफ्टी शूज आणि मग सुरक्षेचं लेक्चर. ओढणी किंवा सैल कपडे चालणार नाहीत, कारण फिरत्या मशीनने कापडाचं टोक ओढलं तर माणूसही ओढला जातो. पिवळ्या पट्ट्यांच्या बाहेर जायचं नाही, कुठल्याही बटणाला किंवा व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

पोरांना वाटतं हे नेहमीचं भाषण आहे. खरं तर प्लांटचा पहिला धडा तोच असतो.

पुढच्या काही दिवसांत तिला कोळशाचा प्रवास दाखवला जातो. वॅगनमधून आलेला कोळसा कन्व्हेयर बेल्टवरून मिलमध्ये जातो. तिथे त्याची पावडरसारखी बारीक भुकटी होते. ती गरम हवेबरोबर बॉयलरमध्ये फुंकली जाते आणि हवेतच पेटते. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण ३०० टन कोळसा खातो.

त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. साधीसुधी वाफ नाही, साधारण ५४० अंश तापमानाची आणि हवेच्या दाबाच्या दीडशेपटीहून जास्त दाबाची. ही वाफ टर्बाइन मिनिटाला ३,००० वेळा फिरवते, टर्बाइन जनरेटरला फिरवतं आणि वीज तयार होते.

पुस्तकात हे सगळं एका पानाच्या आकृतीत मावतं. इथे तोच बॉयलर वीस-पंचवीस मजली इमारतीएवढा असतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. हात का लावू देत नाहीत?

पहिलं कारण जिवाचं. अशा दाबाची वाफ बारीक फटीतून गळली तर ती डोळ्यांना दिसतही नाही, पण समोरच्याला गंभीर जखमी करू शकते. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशातल्या उंचाहारच्या वीज केंद्रात ५०० मेगावॅटच्या संचाच्या बॉयलरमध्ये राख साचली, दाब वाढला आणि धगधगती राख आणि वायू बाहेर फेकले गेले. त्यात चाळीसहून जास्त माणसं गेली. आत काम करणारा प्रत्येक जण ही गोष्ट ओळखून असतो.

दुसरं कारण पैशाचं. ५०० मेगावॅटचा संच चुकून एक तास बंद पडला तर ५ लाख युनिट वीज तयार होत नाही. महिन्याला २०० युनिट लागणारं घर धरलं, तर ही २,५०० घरांची महिनाभराची वीज झाली. शिवाय बंद पडलेला संच पंख्यासारखा बटण दाबून परत सुरू होत नाही. बॉयलर, टर्बाइन हळूहळू तापवावं लागतं. टर्बाइन थांबवलं तरी त्याचा शाफ्ट गार होईपर्यंत संथपणे फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर तो वाकतो.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. प्लांटमध्ये कायमस्वरूपी इंजिनिअरही मनाला येईल तेव्हा कशाला हात लावू शकत नाही.

तिथे परमिटची पद्धत असते. समजा, एक पंप दुरुस्त करायचा आहे. आधी लेखी परवानगी काढायची. मग त्या पंपाचा वीजपुरवठा तोडायचा, व्हॉल्व्ह बंद करायचे, तिथे कुलूप आणि 'काम चालू आहे' असा टॅग लावायचा. ज्याच्या ताब्यात मशीन आहे तो सही करणार, त्यानंतरच पाना फिरणार. काम झालं की परमिट परत करायचं आणि मगच पुरवठा सुरू होणार. मध्ये कुणी साहेब आला आणि म्हणाला, चालू करा, तरी चालू करायचं नाही.

कारण कुलूप काढलं आणि आत माणूस असला तर?

कॉलेजच्या लॅबमध्ये प्रयोग चुकला तर रीडिंग परत घेता येतं. इथे तशी सोय नाही. वीसेक वर्षं तिथे काढलेले ऑपरेटर काका एखाद्या व्हॉल्व्हकडे जाण्याआधी दोनदा नंबर वाचतात, ते याचमुळे. हे नीट बघितलं, तर इंटर्न सर्टिफिकेटपेक्षा मोठी गोष्ट घेऊन बाहेर पडतो.

मग हात न लावता शिकायचं काय?

कंट्रोल रूमचंच उदाहरण घ्या. तिथे एक आकडा कायम समोर असतो. ५० च्या आसपास, कधी ४९.९८, कधी ५०.०२. ही ग्रिडची फ्रिक्वेन्सी. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणं अजून अवघड आहे, त्यामुळे देशात ज्या क्षणी जेवढी मागणी, तेवढीच वीज त्या क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली की आकडा खाली येतो, कमी झाली की वर जातो. त्या आकड्यात अख्ख्या देशाचे पंखे, पंप आणि कारखाने हलताना दिसतात.

हा ताळमेळ पूर्ण बिघडला की काय होतं, ते ३१ जुलै २०१२ ला दिसलं. उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे ग्रिड कोसळले आणि सुमारे ६० कोटी लोक राहतात तेवढा भाग अंधारात गेला.

दुसरं उदाहरण चंद्रपूरच्या उन्हाचं. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचं कंडेन्सरमध्ये परत पाणी केलं जातं. त्यासाठी थंड पाणी लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलिंग टॉवरमधून येणारं पाणीही पुरेसं गार राहत नाही. कंडेन्सरमधली निर्वात स्थिती बिघडते आणि तेवढ्याच विजेसाठी जास्त कोळसा जाळावा लागतो.

आता या मुलीने रोज दुपारी बाहेरचं तापमान आणि कंडेन्सरचं रीडिंग वहीत लिहून ठेवलं, तर चार आठवड्यांत तिचा स्वतःचा प्रोजेक्ट तयार होतो. कशालाच हात न लावता. पाणीच नसेल तर काय, हा पुढचा प्रश्न तिला आपोआप पडेल. त्याचं उत्तर परळीत आहे. २०१३ आणि २०१५ मध्ये तिथलं वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

याउलट बरीच पोरं काय करतात? शेवटच्या दोन दिवसांत सिनियरचा रिपोर्ट घेतात, नाव आणि तारीख बदलतात आणि स्पायरल बाइंडिंग करून जमा करतात. तोच बॉयलर, तीच आकृती, तीच चूक वर्षानुवर्षं पुढे सरकत राहते.

आणखी एक घोळ समजून घ्यायला हवा. महिनाभराची इनप्लांट ट्रेनिंग आणि अप्रेंटिसशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इनप्लांट ट्रेनिंग कॉलेजच्या पत्रावर मिळते, ती बघून शिकण्यासाठी असते आणि तिथे बहुतेक वेळा पैसे मिळत नाहीत. अप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली होते. तिथे करार होतो, कालावधी मोठा असतो, प्रत्यक्ष काम शिकवलं जातं आणि स्टायपेंड द्यावाच लागतो. २०१९ च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिससाठी तो दरमहा किमान ९,००० रुपये ठरवला होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना तिसरीच आहे. सुरुवातीच्या नियमांनुसार ती २१ ते २४ वयोगटासाठी, १२ महिन्यांची आणि दरमहा ५,००० रुपयांची होती. पण पूर्णवेळ शिकणाऱ्याला त्यात अर्ज करता येत नव्हता. म्हणजे तिसऱ्या वर्षातल्या मुलीसाठी ती नव्हतीच.

म्हणून जाण्याआधीच विचारून घ्यायचं. कालावधी किती, पैसे मिळणार की भरावे लागणार, राहायची सोय आहे का आणि मार्गदर्शक कोण. ज्या घरात महिन्याचे सात-आठ हजार बाजूला काढणं जड जातं, तिथे हे प्रश्न विचारायला लाजू नये.

आणि आत गेल्यावर प्रत्येक मशीनसमोर एक प्रश्न विचारायचा, "काका, हे बंद पडलं तर काय होतं?"

शिफ्टमधला माणूस या प्रश्नावर थांबतो, चहा मागवतो आणि पुस्तकात नसलेली गोष्ट सांगतो. वर्षभराने मुलाखतीत कुणी विचारलं, पॉवर प्लांटमध्ये काय शिकलात, तर सांगायला तीच गोष्ट उपयोगी पडते.