वेगळी चूल

आमच्या लहानपणी धुणं म्हणजे साबणाची वडी. लांबलचक वडी दोऱ्याने कापायची, एक तुकडा मोरीतल्या कोनाड्यात, बाकीचे खडखडीत वाळवून ठेवायचे. सर्फचं खोकं वरच्या फळीवर असे. बाबांचा टेरिकॉटचा शर्ट भिजवायचा त्या दिवशीच ते खाली येई आणि आई चमच्याने मोजून पावडर काढी. मग वाण्याच्या दुकानात पिवळ्या पावडरीच्या पिशव्या आल्या. चमचा सुटला, हात मुठीवर आला.

ती पावडर निरमा. करसनभाई पटेल हे रसायनशास्त्राचे पदवीधर गुजरात सरकारच्या खनिज खात्यात नोकरी करत. १९६९ मध्ये अहमदाबादेत त्यांनी घरच्या घरी हाताने कालवून पावडर केली, लेक निरुपमाच्या नावावरून तिला नाव दिलं आणि सायकलवरून दारोदार विकली. भाव किलोला तीन रुपयांच्या आसपास. सर्फला त्याच्या चौपट मोजावे लागत.

निरमा सर्फपेक्षा सरस मुळीच नव्हती. सोडा जास्त, सुगंध नाही, कपड्यांना शुभ्रता देणारे घटक नाहीत, हाताची आग व्हायची. खरी गंमत इथेच आहे. हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्तेन्सन यांनी १९९७ मध्ये पुस्तक लिहून दाखवलं, की बाजार उलथवणारी वस्तू सुरुवातीला बहुधा प्रतीने उणीच असते. पण ती स्वस्त असते, सुटसुटीत असते आणि आजवर ज्यांना कुणी गिऱ्हाईक मानलंच नव्हतं त्यांच्या हाती पडते. मोठी कंपनी तिकडे काणाडोळा करते तो आळसाने नव्हे. किलोमागे चार पैसे सुटणाऱ्या मालात जीव कशाला घालायचा, असं तिचा चोख हिशेबच तिला सांगत असतो. मला तरी चूक माणसांची कमी आणि त्या हिशेबवहीची जास्त वाटते.

सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरने आधी जाहिरातीतून उत्तर दिलं. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या ललिताजी घराघरांत पोचल्या. सर्फ वापरणाऱ्या बायकांना ते पटलं, पण वडीवरून थेट निरमावर आलेल्या घरांना सर्फचं कौतुक ऐकून काय करायचं होतं? ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत निरमाचा खप सर्फच्या कितीतरी पुढे गेला.

मग कंपनीने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. सर्फलाच पाणी घालून स्वस्त करण्याचा मोह तिने टाळला. ‘स्टिंग’ नावाची मोहीम आखून व्हील ही निराळी पावडर काढली. देशातल्या अनेक बायका नदीवर, नाहीतर सार्वजनिक नळावर हाताने धुतात हे ओळखून तिच्यातलं तेलाचं प्रमाण कमी ठेवलं. उत्पादन एकाच मोठ्या कारखान्यात न ठेवता जागोजागी वाटून दिलं. माल हजारो लहान दुकानांपर्यंत नेला. नफा नगामागे थोडा, भिस्त खपावर. सर्फच्या घरात राहून हे जमलं नसतं; तिथली खर्चाची सवय, विक्रेत्यांची सवय, सगळीच आड आली असती. म्हणून एकाच वाड्यात वेगळी चूल मांडली, आणि ती पेटली.

व्हील निरमाच्या पुढे गेली. करसनभाईंची कंपनीही स्वस्थ बसली नाही. पावडरीला लागणारा सोडा ॲश ती स्वतःच बनवू लागली आणि २००७ मध्ये तिने अमेरिकेतली खनिज सोड्याची एक कंपनी विकत घेतली. एव्हाना कानपूरची घडी पावडर उत्तरेतल्या गावांतून पसरत चालली होती. पुढच्या काही वर्षांतच तिने व्हीललाही मागे टाकलं.